ट्रायल

पाना मागताना माझ्या तोंडात अजूनही ‘साडेतीन सुती’ येतं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. अशा साडेतीन सुतांचा तो पाना. इंग्लंडात त्यालाच ‘सेव्हन-सिक्स्टीन्थ’ म्हणतात. गाड्यांच्या कारखान्यांनी इंच सोडून मिलिमीटर धरला त्याला जमाना झाला, पण आमच्या शनिवारच्या गाड्या त्याआधीच्या. त्यामुळे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये, वयाच्या नवव्या वर्षी पाठ केलेली ही मापं वॉरिकशरमधल्या एका शेतकऱ्याच्या जुन्या कोठारात माझ्या पुन्हा उपयोगी पडली. आता तिथली दंतवैद्य बाईसुद्धा ‘साडतीन’ म्हणूनच पाना पुढं करते. पुढचं ‘सुती’ तिला झेपत नाही.

कोठाराचं भाडं आम्ही सहा जण मिळून भरतो. आत पाच गाड्या, सगळ्या एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात 1962 पासून 1980 पर्यंत ही गाडी बनत होती आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांवर गाड्या तिथून बाहेर पडल्या. बुटकी, दोन माणसांची, मागं सामानाला जेमतेम जागा. शेजारून लॉरी गेली की तिच्या चाकाचे नट थेट डोळ्यांसमोर येतात. माझी 1973 ची जीटी आहे, म्हणजे पक्क्या छपराची. इथल्या हवेत माणूस बिनछपराची गाडी का घेतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण कोठारात हा विषय मी काढत नाही. तिथं आम्ही एकमेकांना गाडीच्या रंगावरून हाक मारतो. दंतवैद्य बाई म्हणजे ‘हार्वेस्ट’, कारण रंग हार्वेस्ट गोल्ड. निवृत्त मुख्याध्यापक म्हणजे ‘ग्रीन’. नळदुरुस्तीवाला ‘टील’. एक जोडपं आहे, त्यांच्या फिक्या पिवळ्या गाडीवरून दोघांनाही ‘प्रिमरोज’च म्हणतात, दोघं एकमेकांशी फक्त गाडीबद्दल बोलतात असा माझा अंदाज आहे. मी ‘डमास्क’, म्हणजे गडद लाल.

सोमवार ते शुक्रवार मी विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या किती तापतात ते मोजतो. मोजतो म्हणजे पडद्यावर बघतो. दिवसभरात बोटाला काळं लागत नाही. संध्याकाळी घरी आलो की बायको विचारते, आज काय केलंस? सांगण्यासारखं फार नसतं. आलेख वर गेला, आलेख खाली आला. शनिवारी मात्र नखांतलं काळं सोमवारपर्यंत जात नाही आणि मीटिंगमध्ये मी हात टेबलाखाली ठेवतो.

या कंपूत मी शिरलो तो एका आवाजामुळं. 2016 च्या उन्हाळ्यात, शनिवारी सकाळी, आमच्याच गल्लीत ग्रीनसाहेब बॉनेट उघडून उभे होते आणि गाडी मिसिंग मारत होती. मी स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होतो. पाच मिनिटं ऐकलं, दहा मिनिटं ऐकलं. मग राहवेना. बाहेर गेलो आणि म्हणालो, ‘पॉइंट बघा.’ ते प्लग काढून पुसत बसले होते. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर पॉइंटमधली फट जवळजवळ मिटलेली. त्यांचा फीलर गेज सापडेना. मी खिशातलं ऑफिसचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, फटीत घातलं, स्क्रू आवळला. पंधरा थाऊच्या आसपास जाडी असते त्याची; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंजिन एका सुरात आलं. इंग्लंडात त्या कार्डाचा मला झालेला तो पहिला खरा उपयोग.

ग्रीनसाहेबांना वाटलं मी एमजीबीचा जाणकार आहे. मी तोवर एमजीबी आतून पाहिलेलीसुद्धा नव्हती. पण बॉनेटखालचं इंजिन मी जन्मापासून ओळखत होतो. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज इंजिन. याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन 1955 च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होतं आणि तेच 1489 पुढं पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या ॲम्बॅसडरमध्ये बसलं. एमजीबीत ते वाढवून 1798 सीसीचं केलं आणि एकाऐवजी दोन कार्बोरेटर लावले, इतकंच. एका भावाला वेगासाठी घातलं, दुसऱ्याला आमदार, कलेक्टर आणि लग्नाचं वऱ्हाड ओढायला. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, उद्यमनगरात पस्तीस वर्षं त्या दुसऱ्या भावाची सेवा केली. स्पोर्ट्स कार हा शब्द त्यांनी कधी उच्चारला असेल असं वाटत नाही.

टॅपेट सेट करणं हे मी त्यांच्याकडून शिकलेलं पहिलं ‘मोठ्या माणसाचं’ काम. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, एका ओळीत. एखाद्या व्हॉल्व्हची फट मोजायची तर तो पूर्ण मिटलेला पाहिजे, आणि मिटलाय हे कळायची युक्ती अशी की आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा उघडा असेल तेव्हा दुसरा, सहावा तेव्हा तिसरा. बेरीज नेहमी नऊ. आबा हातानं इंजिन फिरवत आणि मला ओरडून विचारत, ‘पाच उघडलाय. कोण?’ मी म्हणायचो, ‘चार!’ चुकलो तर पेचकसाची मूठ टाळक्यात. माझी बेरीज शाळेत जितकी पक्की झाली नाही तितकी तिथं झाली. पंधरा थाऊची पट्टी फटीत घालायची आणि ओढून बघायची. ढिली नको, अडकायला नको. आबा म्हणत, घामेजल्या पाठीवरून सदरा निघतो तशी निघाली पाहिजे. कोठारात हे मी इंग्रजीत सांगून पाहिलं. ग्रीनसाहेब म्हणाले, त्यांच्या वडिलांनी त्यांना ‘रूल ऑफ नाइन’ शिकवला होता, पण सदऱ्याचं नव्हतं सांगितलं. या देशात पाठ घामेजते कधी?

दोन कार्बोरेटरचं प्रकरण मात्र मला नवं होतं. एसयू जातीचा एक कार्बोरेटर मी ॲम्बॅसडरवर खोलून, पेट्रोलमध्ये धुऊन, पुन्हा लावलेला. दोघांना एका श्वासावर आणायचं म्हणजे वेगळं काम. दोघांना जोडणाऱ्या दांड्याची क्लिप ढिली करायची, म्हणजे दोन्ही स्वतंत्र होतात. मग रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं आधी एकाच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. आत जाणाऱ्या हवेचा ‘स्स्स’ दोन्हीकडं सारखा येईपर्यंत स्क्रू थोडा-थोडा फिरवायचा. बाजारात यासाठी काचेचं मीटर मिळतं, हार्वेस्टकडं आहे. मी नळीच वापरतो, त्यात माझा ताठा आहे हे कबूल. नंतर खालून बारीक पिन दाबून आतला पिस्टन केसभर उचलायचा. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर.

पहिल्या वर्षी मी हे सगळं अगदी तालात केलं आणि ती क्लिप पुन्हा आवळायला विसरलो. रविवारी कॉट्सवोल्ड्सला जायचं होतं. फॉस वे हा रोमनांनी आखलेला रस्ता आमच्या भागातून सरळ दक्षिणेला जातो. त्यानं मोरटन-इन-मार्शला, तिथून पश्चिमेला वळून ब्रॉडवे गावात उतरायचं, चहा, मग फिश हिलचा चढ चढून वर ब्रॉडवे टॉवरपाशी थांबायचं. सपाटीवर मला काही कळलं नाही. नुसतं वाटत होतं, आज गाडी आळशी आहे. फिश हिलच्या वळणांवर तिनं जीवच सोडला. मागून प्रिमरोज पुढं गेले, त्यांच्या मागून एक कॅरव्हॅनवाला पुढं गेला, आणि शेवटी एक सायकलवाला माझ्या आरशात मोठा होऊ लागला. टॉवरपाशी हार्वेस्टनं बॉनेट उघडलं, ॲक्सिलरेटरची दोरी हातानं ओढली आणि म्हणाली, एकच उघडतोय. दोन कार्बोरेटरच्या गाडीत मी एकावर आलो होतो. त्यानंतर वर्षभर मी पाना खाली ठेवला की कोणीतरी विचारायचं, ‘क्लिप?’

आमचा शनिवार-रविवार गुरुवारी रात्रीच सुरू होतो. ग्रीनसाहेबांचा निरोप येतो: शनिवारी साडेआठला कोठार, दुपारपर्यंत काम, रविवारी नऊला निघायचं. या ओळीतलं शेवटचं वाक्य जेमतेम निम्म्या वेळा खरं होतं. पुढच्या चाकांच्या किंगपिनना फक्त ग्रीस मारायचं म्हणून गाडी वर घ्यावी, तर ब्रेकचा एक पाइप घामेजलेला दिसतो. सीटच्या मागच्या खड्ड्यात दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असतात. त्यांचं पाणी बघायला टील आत वाकला आणि त्याला खालून जमीन दिसली, कारण खोक्याचा तळ गंजून गेला होता. रविवार तिथंच संपला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली की फिरणं रद्द झालं म्हणून मी कोणाला हळहळताना पाहिलं नाही. उलट सोमवारपासूनची सगळी बोलणी त्या खोक्याची. कोणता पत्रा कापला, वेल्डिंग कुठवर आलं. फिरायला गेलो त्या रविवारांची आठवण इतकी कोणी काढत नाही. शोभेची हौस असलेले या छंदात पुष्कळ आहेत, पांढरे हातमोजे घालून गाडी पुसणारे. त्यांच्या प्रदर्शनाला आम्ही एकदा गेलो होतो आणि लवकर परत आलो.

नोव्हेंबर ते मार्च सगळं बंद. बर्फ धरू नये म्हणून इथं रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ या गाड्यांचा काळ आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालच्या पोकळ पेट्या, ज्यांना ‘सिल’ म्हणतात, त्यांच्यावरच गाडीचं कंबरडं तोललेलं. त्या आतून गंजल्या की दार लावताना गाडी किंचित वाकते. म्हणून मार्चमध्ये आम्ही पाऊस पडायची वाट बघतो. दोनतीन चांगल्या सरींनी मीठ धुऊन गेलं की मगच गाड्या बाहेर. कोकणातली माणसं खाऱ्या वाऱ्याला शिव्या देतात, हे लोक स्वतः खरेदी करून रस्त्यावर टाकलेल्या मिठाला देतात.

सुट्या भागांची अडचण मात्र नाही. इथं 1988 पासून एमजीबीचा अख्खा पत्र्याचा सांगाडा जुन्याच साच्यांवर नव्यानं बनवून मिळतो. गाडी बंद झाल्यावर आठ वर्षांनी! ॲम्बॅसडर 2014 पर्यंत कारखान्यातून निघत होती, आणि तरी आबा शेवटी-शेवटी भंगारवाल्याकडं दारं उलटीपालटी करत फिरत. त्यांना मी हा सांगाड्याचा किस्सा फोनवर सांगितला. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आणि तो घेणारं गिऱ्हाईक काय करतं पोटाला?’

हा प्रश्न मला शनिवारी अधूनमधून चावतो. उद्यमनगरात जे काम पोटासाठी होतं, ते इथं पैसे मोजून करायचं सुख आहे. तेच नट, तोच पंधरा थाऊ, तीच काळी बोटं. आबांच्या शेडमध्ये काम संपवायची घाई असायची, कारण सोमवारी सकाळी गाडी साहेबाच्या दारात उभी पाहिजे. इथं संपू नये असं वाटतं. शाळेत वडिलांचा धंदा लिहायचा तेव्हा मी ‘यंत्रदुरुस्ती’ लिहायचो, ‘मिस्त्री’ नाही. आता कोठारात मी मिस्त्रीचा मुलगा आहे हे सांगून भाव खातो. यात जी काही लाज आहे ती माझ्याच वाट्याची आहे, ग्रीनसाहेबांच्या नव्हे.

आबांनी आयुष्यात फिरायला म्हणून गाडी कधी चालवली नाही. त्यांच्याकडं गाडी नव्हतीच, सायकल होती. ते चालवत ती ‘ट्रायल’. काम झालं की गाडी बाहेर काढायची, एक फेरी मारायची, आवाज ऐकायचा, परत. छोट्या कामाला रंकाळ्यापर्यंत. हेड गॅस्केट बदललं असेल तर पन्हाळा, कारण चढाला इंजिन तापल्याशिवाय गॅस्केट धरलंय की नाही कळत नाही. आणि पन्हाळ्याची ट्रायल रविवारी आली तर आई, मी आणि धाकटी बहीण मागच्या सीटवर. साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी ॲम्बॅसडर, सीटवर टॉवेलाच्या खोळी. आई त्या टॉवेलावर टेकायची नाही, ताठ बसायची. वर पोचलो की आम्ही झुणका-भाकरीला बसायचो आणि आबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. इंजिन निवल्यावर रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडून पाण्याची पातळी बघायचे. पाणी उतरलं नसेल तरच त्यांच्या घशाखाली घास उतरायचा. आम्ही सहलीला आलोय असं घरात कोणी कधी म्हणालं नाही. आम्ही ट्रायलला गेलो होतो.

2023 च्या जुलैमध्ये आबा दोन महिने आमच्याकडं आले. वय चौऱ्याहत्तर. पहिल्याच शनिवारी कोठारात नेलं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हे मिस्त्री. ग्रीनसाहेबांना वाटलं माझा ‘मिस्टर’चा उच्चार असा आहे, आणि ते दिवसभर मोठ्या अदबीनं ‘मिस्ट्री, मिस्ट्री’ करत राहिले. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘गूढ’ होतो हे मी आबांना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, ‘मग बरोबरच हाय की.’ आबांना इंग्रजी येत नाही, पण गॅस्केट, टायमिंग, जेट, मॅनिफोल्ड एवढ्यावर त्यांचं नि टीलचं तासभर चाललं. पेट्रोलचा विषय निघाला. इथं 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्यानं जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात. टीलनं तशी एक नळी दाखवली, बोटानं दाबली की पाकात राहिलेल्या जिलबीसारखी. तिकडं वीस टक्क्यांपर्यंत चाललंय, आणि ते उसापासून, असं मी सांगितलं. आबा नळी दाबत म्हणाले, ‘कोल्हापुरात आता इंजिनबी उसाचंच पिणार म्हणायचं.’

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नवल म्हणजे कोणाच्याच गाडीला काही झालं नव्हतं. फिश हिलचा बेत. पाचही गाड्या कोठाराबाहेर ओळीत, इंजिनं चालू. मी आबांसाठी दार उघडलं. ते बसेनात.

‘काय काम केलंय हिचं?’

‘काही नाही. नुसतं फिरायला चाललोय.’

‘काही केलं न्हाई?’

‘नाही.’

‘मग कशाला काढली?’

मी उत्तर शोधत होतो तोवर ते पुढं गेले आणि त्यांनी बॉनेट उघडायची खूण केली. उघडलं. एअर फिल्टर काढायला लावले. रबरी नळी मागितली. इंजिन चालूच होतं. बाकी पाचही जण आपापल्या गाड्यांतून उतरून भोवती जमले. आबांनी आधी पुढच्या कार्बोरेटरचा, मग मागच्याचा श्वास ऐकला. मी शनिवारी दुपारी दोन्ही सारखे लावले होते आणि त्या दिवशी चुपचाप हार्वेस्टच्या काचेच्या मीटरनंही तपासून घेतले होते. काटा दोन्हीकडं एकाच रेघेवर होता. आबांनी मागच्या कार्बोरेटरचा स्क्रू आठवा हिस्सा आत घेतला. ऐकलं. मग तेवढाच बाहेर घेतला. ऐकलं. स्क्रू होता तिथंच आला होता, मी बघत होतो. त्यांनी नळी गुंडाळून टीलच्या हातात दिली, स्वतःच्या रुमालाला हात पुसले, माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘क्लिप आवळ,’ आणि आत जाऊन बसले.

‘चल आता. ट्रायल मारून येऊ.’

फॉस वेवर त्यांनी एकदाच तोंड उघडलं, रस्ता सरळ आहे म्हणून. मोरटनच्या बाजारातल्या पिवळट दगडाच्या घरांकडं त्यांनी पाहिलं नाही. मान डॅशबोर्डकडं, एक कान पुढं. ब्रॉडवेत चहा झाला. मग चढ. वळणावर मी तिसरा टाकला तेव्हा त्यांचा डावा पाय रिकाम्या फळीवर क्लच दाबल्यासारखा हलला. वर टॉवरपाशी गाड्या लावल्या. हा टॉवर 1798-99 मधला, आणि आमच्या इंजिनाचा सीसी 1798, हा ग्रीनसाहेबांचा ठरलेला विनोद. पाहुणा आला की ते तो सांगतातच. तेवढ्यासाठी ते आबांना कुंपणाकडं घेऊन चालले होते, जिथून खाली सगळं खोरं दिसतं.

आबा मागं फिरले. बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बाकीचे सँडविच उघडून बसले. मग त्यांनी माझ्याकडून फडकं मागून घेतलं, झाकण अर्ध्या आट्यानं सैल केलं, वाफ जाऊ दिली, पूर्ण काढून आत वाकून पाहिलं.

‘उतरलं न्हाई पानी,’ ते म्हणाले, आणि सँडविचला हात लावला.